सही वाचली, चेंडू वाचला नाही

माझ्या कपाटात बेसबॉलचा एक चेंडू आहे. अठराशे डॉलरला घेतलेला. त्यावर निळ्या बॉलपेनने रोबेर्तो क्लेमेंते असं लिहिलंय, आणि ते रोबेर्तो क्लेमेंतेने लिहिलेलं नाही. हे कळायला मला सहा वर्षं लागली. ज्या माणसाने सांगितलं त्याला सहा सेकंदही लागले नाहीत.

मी १९९९ साली पिट्सबर्गला आलो. बेसबॉल म्हणजे क्रिकेटमधून डोकं काढून टाकलं की जे उरतं ते, अशी माझी समजूत होती. शेजारी एक निवृत्त पोलादकामगार राहायचे. संध्याकाळी ओसरीवर रेडिओ लावून बसायचे आणि कुणीही खेळाडू चमकला की म्हणायचे, "चांगला आहे, पण क्लेमेंते नाही." हे वाक्य मला ओळखीचं होतं. आमच्या वाड्यात गावसकरांबद्दल असंच बोललं जायचं.

क्लेमेंते पोर्तो रिकोचा. १९५५ ते १९७२ अशी अठरा वर्षं पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळला, पाठीवर २१ नंबर. ३० सप्टेंबर १९७२ ला त्याने तीन हजारावा फटका मारला. नियमित हंगामातला तो त्याचा शेवटचा फटका ठरला. डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. आधी पाठवलेली मदत गरजूंपर्यंत पोचत नाही असं कानावर आल्यावर हा गडी स्वतः विमानात बसला. ३१ डिसेंबरच्या रात्री ते जादा भरलेलं विमान सान हुआनजवळ समुद्रात कोसळलं. वय ३८. देह सापडला नाही.

मला मात्र त्याच्याशी बांधलं ते एका बारीक गोष्टीने. टॉप्स कंपनी बबलगमच्या पाकिटातून खेळाडूंची कार्डं विकायची. क्लेमेंतेच्या पहिल्या, १९५५ च्या कार्डावर 'रोबेर्तो' आहे. १९५७ पासून पुढे कितीतरी वर्षं कंपनीने त्याला 'बॉब' करून टाकलं. त्याला ते आवडायचं नाही. ऑफिसात माझ्या नावाचंही पहिल्याच आठवड्यात कातरकाम झालं होतं. ती 'बॉब'वाली कार्डं शेजाऱ्यांनी मला दाखवली आणि त्या संध्याकाळी मी संग्राहक झालो. लहानपणी गमच्या वेष्टनांवरच्या धावा आणि बळी जमवलेल्या माणसाला वेगळी दीक्षा लागत नाही.

पहिला फटका कार्डाने दिला. १९५५ चं ते पहिलं कार्ड, क्रमांक १६४, मी एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलं. कोपरे सुईसारखे, कडा सरळसोट. इतकं जुनं आणि इतकं कोरं, म्हणून मी हरखलो. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. ही कार्डं पोरांच्या खिशात राहिली, रबरबँडने करकचून बांधली गेली, फडफड आवाजासाठी सायकलच्या आऱ्यांत खोचली गेली. सत्तेचाळीस वर्षांनी धारदार कोपरे दिसले तर एक तर नशीब, नाही तर पातं. माझ्या बाबतीत पातं निघालं. प्रतवारी करणाऱ्या संस्थेकडे पाठवलं तर शेरा आला: कार्ड खरं, पण कापलेलं, म्हणून गुण नाहीत. झिजलेल्या कडा कुणीतरी केसभर कातरून ताज्या केल्या होत्या.

तेव्हा एक साधी पट्टी वापरली असती तरी भागलं असतं. टॉप्सची १९५५ आणि १९५६ ची कार्डं आडवी आणि मोठी, पावणेचार इंच बाय दोन पूर्णांक पाच अष्टमांश. १९५७ पासून ती साडेतीन बाय अडीचवर आली. छपाईत थोडा फरक पडतो हे मान्य, पण त्याच संचातलं एखाद्या फुटकळ खेळाडूचं स्वस्त कार्ड जवळ ठेवा आणि महागडं कार्ड त्याच्यावर धरून पाहा. हे दोन डॉलरचं कार्ड तुमचं सगळ्यात किमती हत्यार आहे. जाडी, पाठीचा रंग, पुठ्ठ्याचा पोत, सगळं त्याच्याशी ताडून बघता येतं. दहापट मोठं दाखवणारं भिंगही घ्या. जुन्या छपाईत चित्र ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं आणि रेघा सलग शाईच्या असतात. अक्षरंसुद्धा ठिपक्यांनी बनलेली दिसली, तर कुणीतरी कार्डाचा फोटो काढून छापलाय. अतिनील दिव्याखाली पुठ्ठा निळापांढरा झगमगला तर कागद अलीकडचा असण्याची शक्यता दाट.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. याच पिट्सबर्ग संघाच्या होनस वॅग्नरचं १९०९ च्या सुमाराचं एक कार्ड जगातलं सर्वात प्रसिद्ध कार्ड मानलं जातं. १९९१ साली ते साडेचार लाख डॉलरला गेलं, २००७ साली अठ्ठावीस लाखांना. आणि २०१३ साली बिल मास्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबुली दिली की त्या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या. ही बातमी वाचून मला जरा बरं वाटलं, हे कबूल करतो.

आता चेंडू.

उपनगरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्डांचा बाजार भरला होता. एका टेबलामागे सभ्य दिसणारा माणूस होता. त्याचे वडील म्हणे स्टेडियमवर प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायचे. तीन हजाराव्या फटक्याच्या दिवशी त्यांनी स्वतः सही घेतली होती. सोबत वडिलांच्या हस्ताक्षरातलं पत्र. त्या दिवशी मैदानात जेमतेम तेरा हजार लोक होते, हे मला माहीत होतं. पिट्सबर्गमध्ये मात्र "मी तिथे होतो" म्हणणारे लाखभर तरी भेटतील. हा विनोद मी इतरांना ऐकवायचो. स्वतःवर वेळ आली तेव्हा आठवला नाही.

वाईट म्हणजे मी अगदीच अडाणी नव्हतो. पायरेट्स ज्या नॅशनल लीगमध्ये खेळतात तिच्या अधिकृत चेंडूवर लीगच्या त्या वेळच्या अध्यक्षांची सही छापलेली असायची, हे मी वाचलं होतं. वॉरन गाइल्स १९५१ ते १९६९, मग फीनी १९७० ते १९८६. चेंडू फिरवून पाहिला: फीनी. १९७२ शी जुळलं! आपण पकडण्यात पटाईत आहोत असं वाटलं आणि खिशातून चेकबुक निघालं. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आईंच्या घराची कौलं झाली असती यात."

सहा वर्षांनी विम्यासाठी किंमत काढायची म्हणून मी तो एका जुन्या व्यापाऱ्याकडे नेला. त्याने सहीकडे पाहिलंही नाही. अंगठ्याने चेंडू वळवला आणि कंपनीचं नाव दाखवलं. रॉलिंग्ज. नॅशनल लीगच्या चेंडूंवर १९७६ पर्यंत स्पॉल्डिंगचं नाव असायचं. रॉलिंग्जचा चेंडू आला १९७७ ला. क्लेमेंतेला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी अर्धं वाचलं आणि सही करणाऱ्यानेही अर्धंच वाचलं होतं. व्यापाऱ्याने फी घेतली नाही. त्याचं जास्त लागलं.

विक्रेत्याचा फोन बंद. चेकने पैसे दिल्याला सहा वर्षं उलटलेली. म्हणून सांगतो, क्रेडिट कार्डाने किंवा खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गानेच पैसे द्या. "मित्राला पाठवतोय असं दाखवा, फी वाचेल" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. खरेदीआधी एकच प्रश्न विचारा: तिसऱ्या माणसाने हे खोटं ठरवलं तर पैसे परत द्याल का, आणि तसं लिहून द्याल का? खरा व्यापारी या प्रश्नाने दुखावत नाही.

वडिलांचं पत्र, चकाकता स्टिकर, 'अस्सलपणाचा दाखला' हे सगळं कागद आहे. दाखला कुणी दिला, त्याचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीत सापडतो का, नोंदीतला फोटो आणि हातातली वस्तू एकच आहे का, हे पाहा. प्रतवारी झालेल्या कार्डांच्या प्लास्टिकच्या सीलबंद डब्यासुद्धा बनावट निघतात. एफबीआयने नव्वदच्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' या मोहिमेत खोट्या सह्यांची टोळी पकडली, तेव्हा जप्त मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही होते. मागणी असेल तर हे लोक कुणाचीही सही पुरवतात.

काही खोटेपणात तर फसवण्याचा हेतूही नसतो. पूर्ण संघाच्या सह्यांच्या जुन्या चेंडूंवर मोठ्या खेळाडूंच्या जागी कित्येकदा ड्रेसिंगरूममधल्या पोऱ्यानेच सह्या ठोकलेल्या असतात. सह्या छापलेले चेंडू आठवण म्हणून विकले जात, आणि ते माळ्यावरून उतरतात तेव्हा घरच्यांना त्या खऱ्याच वाटतात. जर्सीचंही तसंच. १९७० च्या जुलैत नव्या स्टेडियमवर गेल्यावर पायरेट्सनी लोकरी फ्लॅनेल सोडून विणीच्या कापडाचे कपडे घातले. तेव्हा 'क्लेमेंतेची १९७१ ची जर्सी' म्हणून कुणी फ्लॅनेल पुढे केलं, तर चहा घ्या आणि उठा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला रुचणार नाही, तरी देतो: सहीच्या नादी लागू नका, वाईट अवस्थेतली खरी कार्डं घ्या. कोपरे गोल झालेलं, मधून घडी पडलेलं कार्ड कापून फसवण्यात कुणाला रस नसतो. माझ्याकडचं सगळ्यात लाडकं कार्ड क्लेमेंतेचं, १९७३ चं आहे, क्रमांक ५०. तो गेल्यावर बाजारात आलेलं. साध्या अवस्थेत ते दोघांच्या जेवणाच्या बिलात बसतं. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात, मग कडक आवरणात, उन्हापासून दूर ठेवा. पुसू नका, दाबू नका, गमचा डाग काढायला जाऊ नका. डाग हा त्याचा जन्मदाखला आहे. आणि किमती वस्तूंचा वेगळा विमा काढा. घराच्या विम्यात संग्रहासाठी बहुधा फार थोडी रक्कम धरलेली असते.

तो चेंडू विकून टाक, कुणाला कळणार आहे, असं मला दोघांनी सुचवलं. मी जाड काळं पेन घेतलं आणि सहीशेजारी इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'बनावट' लिहिलं. माझ्यामागे मुलगा कपाट आवरेल तेव्हा तो फसू नये आणि त्याच्याकडून दुसरं कुणी फसू नये. तुमच्याकडेही असा एखादा चेंडू, बॅट किंवा कार्ड असेल, तर आज घरी गेल्यावर तेवढं करा.