एआरटीची गोळी रोज, न चुकता

एचआयव्हीवरची मोफत औषधं, म्हणजे एआरटी, देशात १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. पुण्यात ससून आणि पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात एआरटी केंद्रं आहेत. केंद्र गोळी देतं, पण ती रोज पोटात जाईल अशी सोय आपल्यालाच लावावी लागते. बहुतेकांना टीएलडी मिळते : टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोलुटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम, एकाच गोळीत. पुढची कृती या गोळीसाठी आहे.

१. वेळ ठरवा. चाकणला कामाची पाळी बदलत असेल, तर दोन्ही पाळ्यांत जमेल अशीच वेळ धरा. मोबाइलवर अलार्म लावा.

२. उपासालाही गोळी घ्या. तिला जेवण लागत नाही, पाणी पुरतं. एकादशी असो वा नवरात्र, खाडा नको.

३. अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधापासून गोळी लांब ठेवा : ते घेण्याआधी दोन तास किंवा घेतल्यावर सहा तासांनी. कॅल्शियम वा लोहाच्या गोळ्या सोबत घ्यायच्या असतील, तर जेवणाबरोबरच. टीबीचं औषध सुरू झालं, तर केंद्रात लगेच सांगा. डोलुटेग्रॅव्हिरचा डोस वाढवावा लागतो.

४. विसरलात, तर आठवताच घ्या. पुढच्या गोळीला चार तासही उरले नसतील, तर चुकलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

५. वारीला किंवा गावी निघण्याआधी पुरेशा गोळ्या मागून घ्या. गोळ्या आणि ग्रीन बुक (केंद्राची उपचारांची नोंदवही) हातातल्या पिशवीत ठेवा.

६. केंद्रात जाताना डबी सोबत न्या आणि शिल्लक मोजा. तीस गोळ्यांची डबी, तीस दिवस झाले आणि चार उरल्या, म्हणजे घेतल्या २६ : सुमारे ८७ टक्के. हव्यात किमान ९५. उरलेल्या गोळ्या लपवू नका. पाळी, पैसे, घरच्यांची भीती, जे कारण असेल ते समुपदेशकाला सांगा. त्यावरच उपाय निघतो.

७. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, तपासा : औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी. आकडा हजाराच्या आत हवा. हजार किंवा वर गेला, तर आधी गोळ्या कुठे चुकतात ते पाहून समुपदेशन होतं, मग फेरतपासणी. विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

८. अहवाल चांगला आला, तरी गोळी थांबवू नका. शरीरात विषाणू दडून असतो. औषध सुटलं की काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. शंका आली, तर १०९७ वर मोफत फोन करा.