विधिमंडळातील बाबासाहेब आणि आपल्या जिल्ह्यातील खोती

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपणांस महाड, राज्यघटना व दीक्षाभूमी आठवते. मुंबई प्रांताच्या विधिमंडळातील त्यांची कारकीर्द मात्र पाठ्यपुस्तकांत ओझरतीच येते. पेण-रोह्याच्या मुलांनी तरी ती जाणून घ्यावी. कारण त्यांचे एक मोठे विधेयक याच मातीविषयी होते.

१९२७ साली ते सरकारनियुक्त सदस्य म्हणून मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले व पुढच्याच वर्षी त्यांनी महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापून १९३७ च्या निवडणुकीत ते विधानसभेवर निवडून आले.

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात खोत सरकारचा सारा भरी आणि कुळाकडून भाताचा मोठा हिस्सा घेई. शिवाय वेठ होतीच. कसणाऱ्याचे नाव कागदावर नसे. त्यामुळे खोताची मर्जी हाच कायदा. याविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या. जंगलातील लाकूडफाटा विकून, मोलमजुरी करून कुटुंबे जगली. १९३४ मध्ये बाबासाहेब स्वतः चरीस आले. म्हणूनच १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मांडलेले खोती नष्ट करण्याचे विधेयक केवळ ग्रंथालयात जन्मलेले नव्हते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्यांत स्पृश्य-अस्पृश्य कुळे एकत्र होती, हे मला विधेयकाइतकेच महत्त्वाचे वाटते.

विधेयक मंजूर झाले नाही. १९३९ च्या कायद्याने कुळांना काही संरक्षण दिले, खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले ते १ एप्रिल १९५७ रोजी. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणास तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

या कायद्याचा लाभ कूळ म्हणून हक्क सिद्ध करू शकणाऱ्यांनाच झाला. दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणाऱ्या भूमिहीनांच्या, अर्थात आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांच्या वाट्यास त्यातून काही आले नाही.

स्वाध्याय : सुटीत घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांकडून जुना सातबारा व फेरफार मागून पाहा. त्यात कुळाची किंवा ‘३२ ग’ची नोंद आहे काय, ते वहीत उतरवून आणा. सातबाराच नसेल, तर आजोबा कोणाची जमीन कसत, हे विचारून लिहा.