घराची छत्री जमिनीखाली

संक्रांतीच्या सुट्टीवरून हॉस्टेलला परत येताना प्रत्येकजण घरून काहीतरी आणतो. सेकंड इयरला माझ्या रूम पार्टनरने तिळाचे लाडू आणले, आणि मी आणली दोन किलो काळी माती! आठवडाभर सगळ्या विंगने माझी टिंगल केली. पण त्या मातीत माझ्या वडिलांची अर्धी कमाई अडकली होती.

आमचं घर परभणीजवळच्या एका गावात. अण्णांनी २०१२ साली प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून बांधलं. तिसऱ्याच वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, वर रुंद आणि खाली अरुंद. उन्हाळ्यात ती उघडायची, पावसाळ्यात मिटायची, आणि तेव्हा मागचं दार अडकायचं. दरवर्षी गवंडी यायचा, सिमेंट भरायचा, पैसे घ्यायचा. "काळ्या रानातलं घर आहे मास्तर, भेग ठरलेलीच," असं म्हणून जायचा.

जिओटेकच्या लॅबमध्ये सरांनी मला फ्री स्वेल टेस्ट करायला लावली. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १० ग्रॅम माती एका मोजपात्रात रॉकेलमध्ये आणि तेवढीच दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकायची. २४ तासांनी बघितलं तर रॉकेलमध्ये ११ मिलिलिटर, पाण्यात १८! फरक सात, भागिले अकरा, म्हणजे साधारण ६४ टक्के. ५० च्या वर गेली की माती अतिशय फुगणारी समजतात.

याचं कारण मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज. त्याचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी निघून गेलं की आक्रसते. म्हणजे घराचा शत्रू नुसतं पाणी नाही, तर पाण्याचं येणं-जाणं. घराखालची मधली माती झाकलेली असते, तिथला ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात वाळते. मे महिन्यात कोपरे खाली बसतात, मधला भाग जागेवर राहतो आणि भिंत फाटते.

नवीन घर असेल तर उपाय वेगळे आहेत. रुरकीच्या सीबीआरआयने विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल्स आहेत. त्यांची लांबी खोल काळ्या मातीत किमान ३.५ मीटर ठेवतात, कारण ऋतूंनुसार ओलावा बदलतो तो साधारण तेवढ्या खोलीपर्यंत. आय.आय.टी. मुंबईचे प्रा. कट्टी यांनी मांडलेला सीएनएसचा, म्हणजे न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर आहे. पण उभ्या घराखाली पाइल घालणं आपल्या ऐपतीबाहेरचं. मग उरते छत्री. घराभोवती दोन मीटर रुंदीचा प्लास्टिकचा कागद पुरायचा. भिजणं-वाळणं होतच राहतं, पण ते पायापासून दोन मीटर लांब!

अण्णांना हे समजावताना माझी चांगलीच ओरल झाली. शेवटी म्हणालो, "अण्णा, शेततळ्यात पाणी आत राहावं म्हणून कागद टाकतात ना? आपण पाणी बाहेर राहावं म्हणून टाकायचा." तेव्हा कुठे पटलं. एका शेतकऱ्याकडे शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद उरला होता, तो विकत घेतला. थर्ड इयरच्या दिवाळीत आम्ही दोघं आणि एक गडी कामाला लागलो.

काम असं केलं :

१) दिवाळीच निवडली, कारण तेव्हा माती ना चिखल असते ना कोरडीठाक. मे महिन्यात भेगाळलेली माती झाकली तर नंतर खालून ओलावा चढून ती फुगत राहते.

२) भिंतीलगत ४० सेंटिमीटर आणि बाहेरच्या टोकाला ५० सेंटिमीटर खोदलं. म्हणजे दोन मीटरला १० सेंटिमीटर, एकास वीस उतार. एका वेळी एकच बाजू खोदली.

३) तळ चोपून खडे आणि मुळं वेचली. त्यावर ५ सेंटिमीटर वाळू आणि मग कागद अंथरला.

४) जोड ३० सेंटिमीटरचा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी ब्यूटाइल टेप लावून. वरचा कागद खालच्यावर, कौलांसारखा.

५) भिंतीकडचं टोक जोत्यावर चढवून खाचेत बसवलं, डांबराच्या मॅस्टिकने बंद केलं आणि वर प्लास्टर केलं. हा जोड सुटला तर सगळी मेहनत पाण्यात!

६) बाहेरचं टोक अर्धा मीटर खोल चरात उभं सोडलं, म्हणजे पाणी आडवं आत येत नाही. मागे आईने लावलेला कडुनिंब आहे. तो तिने तोडू दिला नाही, म्हणून त्या बाजूचा चर एक मीटर केला.

७) वर पुन्हा वाळू, चोपलेला मुरूम आणि बाहेर उताराची शहाबादी फरशी. उघड्यावर उन्हात राहिला तर कागदाचं आयुष्य कमी होतं, म्हणून पुरणं आवश्यकच. पत्र्यावरचं पाणी पन्हाळीने फरशीच्या पलीकडे सोडलं.

पुढच्या मे महिन्यात खिडकीची भेग मोजली. आधी ५ मिलिमीटर उघडायची, आता ३. मी हवेत! पण ऑगस्टमध्ये हॉस्टेलला आईचा फोन आला. मागच्या कोपऱ्यात नवी भेग पडली होती आणि न्हाणीघराची फरशी उचलली गेली होती. अण्णा फोनवर आलेच नाहीत.

शनिवारी रात्रीच्या एसटीने घरी गेलो. मागची फरशी काढली, मुरूम उपसला, कागद उचलला तर खाली नुसता चिखल. न्हाणीच्या मोरीचा पाइप भिंतीतून बाहेर पडतो तिथला सांधा तुटला होता. रोजचं अंघोळीचं पाणी कागदाच्या खाली जात होतं, आणि कागद ते वाळूही देत नव्हता. पाऊस अडवण्याच्या नादात मी घरचं पाणी विसरलो होतो. छत्री उघडली, पण नळ छत्रीच्या आतच चालू! काम सुरू करण्यापूर्वी पाइपांची तोंडं बंद करून त्यांत रात्रभर पाणी भरून ठेवलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं.

अण्णांना मी सरळ सांगितलं, "माझी चूक झाली." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गवंड्याने दहा वर्षांत एकदा तरी असं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पाइप कोणता आणायचा ते लिहून दे."

नवा पाइप टाकला, तो फरशीच्या पलीकडच्या चेंबरपर्यंत नेला. चिखल दोन आठवडे उघडा ठेवून ओलावा बाजूच्या मातीइतका उतरू दिला, मगच कागद पुन्हा जोडला. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत दोन्ही भेगा २ मिलिमीटरवर स्थिर आहेत. खरी परीक्षा मे महिन्यात. जुनी भेग कागदाने बुजत नाही, तिचं हलणं कमी होतं, एवढंच. आणि हलणं थांबल्यावरच सिमेंट भरण्यात अर्थ आहे.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या पावसात घरी गेलात की छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पन्हाळीचं पाणी कुठे पडतं? मोरीचं कुठे जातं? जमिनीचा उतार घराकडे आहे की बाहेर? हे बघायला सिव्हिलच असायला पाहिजे असं नाही. आमच्या भिंतीवर अण्णांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा केल्यात. आता दर महिन्याच्या एक तारखेला ते पट्टी लावतात आणि मला फोनवर आकडा सांगतात. सबमिशनची तारीख मी चुकवतो, ते चुकवत नाहीत!