शोध भुताचा, धडा वैज्ञानिक दृष्टिकोनाचा



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि पाचवीच्या वर्गात एकच विषय होता. कुणाच्या तरी दादाच्या मोबाईलवर मुलांनी अमेरिकेतल्या 'स्किनवॉकर'चा व्हिडिओ पाहिला होता. माणूस जनावराचं कातडं पांघरतो आणि लांडगा होतो, अशी ती गोष्ट. त्याच व्हिडिओत काही तरुण रात्री कॅमेरे, टॉर्च आणि कसलीतरी लुकलुकणारी यंत्रं घेऊन भूत शोधत फिरतात. झालं! आमच्या मुलांचाही बेत ठरला, "सर, आपणपण नाल्याजवळच्या मोठ्या मोहाखाली रात्री जाऊन शोध घेऊ. तिथं रात्री काहीतरी उभं राहतं."

मला हसू आलं. पण पुढच्याच वाक्याने ते थांबलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, ते काय आहे माहीत आहे मला. ती अमुक आजी आहे. ती रूप बदलते." त्याने गावातल्या एका एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं नाव घेतलं होतं.

मी त्याला रागावलो नाही. घरी कुणीतरी बोललेलं त्याच्या कानावर पडलं असणार. पण त्या दिवशीचं पाठ टाचण मी बाजूला ठेवलं. पुढचे चार दिवस परिसर अभ्यासाच्या तासाला जे घेतलं, ते इथे देत आहे.

हा विषय टाळता का येत नाही?

आपण एटापल्ली तालुक्यात शिकवतो. १ मे २०२४ रोजी याच तालुक्यातल्या बारसेवाडा गावात जादूटोण्याच्या संशयावरून एक महिला आणि एक पुरुष यांना मारहाण करून जाळून मारण्यात आलं. एका लहान बाळाच्या मृत्यूनंतर हा संशय घेतला गेला होता. पोलिसांनी १५ जणांना अटक केली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द इथे ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून सात जणांना चौकात बांधून मारलं होतं. त्यांत वयस्कर बायामाणसं होती.

या दोन्ही ठिकाणी सुरुवात कुठून झाली असेल? कुणीतरी, कधीतरी, हळू आवाजात एक नाव घेतलं असेल. आमच्या वर्गात घेतलं गेलं तसंच.

स्किनवॉकरची खरी गोष्ट

मुलांना आधी व्हिडिओत नसलेली माहिती सांगितली. नवाहो हा अमेरिकेतल्या ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत राहणारा मोठा आदिवासी समाज आहे. वाईट विद्या वापरून जनावराचं रूप घेणाऱ्याला त्यांच्या भाषेत 'यी नाल्दलूशी' म्हणतात. 'त्याच्यामुळे तो चार पायांवर चालतो', असा काहीसा त्याचा अर्थ. नवाहो लोक हा विषय करमणुकीसाठी काढत नाहीत. परक्या माणसासमोर तर त्याबद्दल बोलणंच टाळतात.

मग व्हिडिओतली ती प्रसिद्ध जागा कुठली? ते युटा राज्यातलं सुमारे ५०० एकरांचं एक शेत आहे. ते नवाहोंच्या मुलखात नाही, यूट नावाच्या दुसऱ्या आदिवासी समाजाच्या वस्तीलगत आहे. १९९४ मध्ये एका कुटुंबाने ते विकत घेतलं आणि दोनच वर्षांत तिथल्या चमत्कारिक घटना वर्तमानपत्रात छापून आल्या. १९९६ मध्ये रॉबर्ट बिगेलो या उद्योगपतीने ते शेत घेऊन तिथे संशोधक आणि कॅमेरे बसवले. वर्षानुवर्षं पहारा ठेवूनही सगळ्यांना पटेल असा पुरावा हाती आला नाही. त्याआधी सुमारे साठ वर्षं तिथे राहिलेल्या कुटुंबाच्या नातेवाइकाने तर असं काही घडतच नव्हतं, असं सांगितलं. तरी २०२० पासून त्या शेतावर टीव्ही मालिका सुरू आहे.

आता महत्त्वाचा भाग. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने हजारो नवाहो लोकांना शेकडो किलोमीटर चालवत नेऊन एका छावणीत डांबलं. उपासमार आणि रोगराईने अनेक माणसं मेली. १८६८ मध्ये त्यांना परत येता आलं, पण हाल संपले नाहीत. अशा काळात, १८७८ मध्ये, चेटूक केल्याच्या संशयावरून नवाहोंनी आपल्याच सुमारे ४० माणसांना मारलं.

वर्ग गप्प झाला. मग एका मुलीने विचारलं, "म्हणजे लांडगा कुणाला सापडलाच नाही, माणसंच मेली?" मी म्हटलं, हो.

कृती १ : रात्रीच्या आवाजांची यादी

मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारून आवाजांची यादी करून आणली. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. रातवा पक्षी लाकडावर ठोकल्यासारखा 'चक-चक' करत राहतो. पिंगळे आपसांत भांडल्यासारखे ओरडतात. कोल्हेकुई आणि तरसाचा आवाज तर मोठ्यांच्याही अंगावर काटा आणतो. आपल्या गावातली जुनी माणसं हे आवाज अचूक ओळखतात. बाहेरून यंत्रं घेऊन आलेल्या शोधकाला हे ज्ञान कुठून असणार?

कृती २ : चमकणारे डोळे आणि 'उभं राहणारं' काहीतरी

संध्याकाळी पालकांसोबत शेळी, मांजर आणि कुत्रा यांच्या डोळ्यांवर दुरून, क्षणभर टॉर्च मारून पाहायला सांगितलं. या प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून डोळे चमकतात. माणसाच्या डोळ्यात हा थर नसतो.

मग मोहाच्या झाडाकडे वळलो. मोहाखाली रात्री कोण येतं, असं विचारल्यावर मुलांनीच उत्तर दिलं, "अस्वल!" मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला पहाटे आपण जातो, तसं अस्वलही येतं. आणि अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहू शकतं. अंधारात, लांबून, केसाळ अंगाचं, माणसाएवढं उभं दिसलं तर काय वाटेल? मी त्यांना 'ते अस्वलच होतं' असं सांगितलं नाही. 'असूही शकेल, आणि तपासता येईल' एवढंच म्हटलं. सकाळी मोठ्या माणसांसोबत ठसे पाहता येतात.

कृती ३ : फोटोतले 'गोळे'

भूत शोधणारे लोक फोटोतले पांढरे गोळे दाखवतात. आम्ही वर्गाची खिडकी लावून डस्टर झटकलं आणि मोबाईलच्या फ्लॅशने फोटो काढले. खडूच्या धुळीचे भरपूर गोळे आले! कॅमेऱ्याजवळचा कण फ्लॅशमध्ये उजळतो आणि अंधूक गोल दिसतो. पोरांनी त्या दिवशी पन्नासेक 'भुतं' पकडली.

इथेच विक टँडी या इंग्रज अभियंत्याची गोष्ट सांगितली. प्रयोगशाळेत काम करताना त्यांना अस्वस्थ वाटायचं. एकदा तर बाजूला करडी आकृतीही दिसली. पण दुसऱ्या दिवशी ते त्याच खोलीत परतले. पकडीत धरलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं आणि शोधता शोधता कारण निघालं एका पंख्यापर्यंत. पंख्यामुळे सेकंदाला सुमारे १९ कंपनं असलेला, कानाला ऐकू न येणारा ध्वनी तयार होत होता. पंख्याची दुरुस्ती झाल्यावर त्रास थांबला. १९९८ मध्ये त्यांनी यावर लेख प्रसिद्ध केला. सगळ्या भुतांमागे पंखा असतो असं नाही. पण घाबरलेला माणूसही कारण शोधू शकतो, हे मुलांना भावलं.

कृती ४ : नोंदवहीचे चार रकाने

१. मी स्वतः काय पाहिलं किंवा ऐकलं?
२. दुसऱ्याने सांगितलेलं काय आहे?
३. हे आणखी कशामुळे होऊ शकतं? (किमान तीन कारणं)
४. ते दिवसा, मोठ्यांसोबत कसं तपासता येईल?

'कोणी केलं?' हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. मुलांना नियमच सांगितला की या वहीत कुठल्याही माणसाचं नाव येणार नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते भानामतीचे प्रकार तपासतात तेव्हा कपडे जळणं, दगड पडणं यामागे बहुधा घरातलंच कुणीतरी त्रासलेलं माणूस निघतं. अशा वेळी ते त्याचं नाव चारचौघांत न घेता, त्याला समजावून प्रकार थांबवतात. म्हणजे खऱ्या तपासातही माणसाची अब्रू जपायची असते.

गोष्टींचं काय करायचं?

काही पालकांना वाटलं, सर आमच्या गोष्टी खोट्या ठरवायला निघाले. तसं नाही. माणूस वाघ झाल्याच्या गोष्टी मध्य भारतातल्या जंगलभागात ठिकठिकाणी सांगतात. ताडोबाचं नावही तारू नावाच्या गावप्रमुखावरून पडलं, अशी आख्यायिका आहे. वाघाशी झुंजताना तो मेला आणि तळ्याकाठी देव झाला. या गोष्टी आपला ठेवा आहेत. गावातल्या एका आजोबांना आम्ही शाळेत बोलावलं आणि दोन तास गोष्टी ऐकल्या. मुलांनी त्यांची चित्रं काढली. फक्त गोष्टीतलं पात्र उचलून शेजारच्या घरात बसवायचं नाही.

पालकांसाठी

• रात्री 'शोधा'ला मुलांना पाठवू नका. अस्वल, साप आणि विंचू हे खरे धोके आहेत.
• ताप आला तर आधी रक्ततपासणी करा. मलेरियाचे बरेच रुग्ण आपल्या जिल्ह्यात असतात. साप चावला तर थेट दवाखाना गाठा. पुजाऱ्याकडे गेलात तरी उपचार थांबवू नका.
• २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार करणी-चेटूक केल्याचा ठपका ठेवून कुणाला मारहाण करणं किंवा छळणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद, शिवाय पाच ते पन्नास हजार रुपये दंड. साप किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणं हाही गुन्हाच आहे. गावात असा संशय पसरताना दिसला तर वाट पाहू नका, ११२ वर किंवा पोलीस ठाण्यात कळवा.
• मुलांसमोर कुणाचं नाव घेऊन असं बोलू नका. मुलं ऐकतात आणि खरं धरतात.

शेवटी

वैज्ञानिक दृष्टिकोन हा आपल्या गाभाघटकांपैकी एक. टाचणात आपण तो दरवर्षी लिहितो. या चार दिवसांत तो मला वर्गात थोडासा दिसला. मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या वहीत पहिल्या रकान्यात आता असं लिहिलंय : 'मी स्वतः काही पाहिलं नाही.' दुसऱ्यात : 'घरी ऐकलं.' तिसऱ्यात : 'अस्वल, झाडाची सावली, नाहीतर कोणी माणूस मोह बघायला आला असेल.' शनिवारी शाळा सुटल्यावर तो आणि त्याचे दोन मित्र त्या आजीच्या अंगणात बसलेले दिसले. तिला रातव्याचा आवाज काढता येतो म्हणे, तो शिकायला गेले होते.

आपल्या शाळेत ही कृती घेतलीत तर जरूर कळवा. आवाजांची तुमच्या भागातली यादीही पाठवा, आमच्या मुलांना हवी आहे.