फेकलेलं जाळं उघडत का नाही?

प्रश्न : मी बोईसरच्या कारखान्यात नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी मुरबे खाडीवर पाग (फेकायचं गोल जाळं) टाकायला शिकतोय, पण जाळं गोळा होऊनच पाण्यात पडतं. काय चुकतंय?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : तुम्ही बहुधा दंडाच्या जोरावर फेकता. हे जाळं फिरकीने उघडतं. कडेला ओवलेली शिशाची वजनं फिरली की घेर आपोआप बाहेर ताणला जातो. म्हणून कंबर आधी मागे वळवा, मग पुढे येताना हात मोकळे सोडा. एक हात क्षणभर उशिरा सुटला तरी घेराचं केळं होतं, म्हणजे जाळं गोल न उघडता लांबट पडतं. नवशिक्यांची मुख्य चूक हीच.

महिनाभर पाण्याकडे जाऊच नका. कोरड्या वाळूवर वर्तुळ आखा आणि जाळं त्यावर पाडा. लहान घेराचं जाळं घ्या. शर्टाला बटणं नकोत, हातात घड्याळ नको; जाळ्याचे आस (भोकं) त्यात अडकले की जाळ्याबरोबर माणूसही ओढला जातो. दोरीचा फास मनगटाला असतो, म्हणून ओहोटीच्या ओढीत गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नका.

बोय माशांची पिल्लं आली तर लगेच सोडा. आणि एक कळकळीची विनंती : कारखान्यांचं सांडपाणी येतं त्या नाल्याच्या तोंडाशी मिळालेली मासळी घरी नेऊ नका.