ओसाकाचा विजयोत्सव

जपानमधील होन्शू बेटावर, तोक्योच्या पश्चिमेस सुमारे ४०० किलोमीटरांवर ओसाका नावाचे मोठे शहर वसलेले आहे. हे शहर पूर्वापार व्यापाऱ्यांचे. जुन्या काळी देशोदेशींच्या सरदारांचा तांदूळ येथील कोठारांत येऊन पडे व येथून तो सर्वत्र विकला जाई. म्हणून ओसाकाला 'देशाचे स्वयंपाकघर' असे म्हणत. शहराच्या मध्यभागातून दोतोनबोरी नावाचा कालवा वाहतो. दोतोन नावाच्या एका व्यापाऱ्याने तो स्वतःच्या खर्चाने खणावयास घेतला. काम पुरे होण्यापूर्वीच तो युद्धात मारला गेला. तेव्हा त्याच्या नातलगांनी १६१५ मध्ये ते तडीस नेले. त्याच्या स्मरणार्थ कालव्याला त्याचे नाव मिळाले.

या कालव्याच्या दोन्ही काठांवर आज उपाहारगृहांची दाटी आहे. ओसाकाचे लोक खाण्याचे मोठे शौकीन. खाण्यापायी दिवाळे निघाले तरी चालेल, अशा अर्थाचा एक शब्दच तेथे त्यांच्याविषयी रूढ आहे. आपल्याकडील आप्पेपात्रासारख्या खळगे असलेल्या तव्यावर तेथे ताकोयाकी नावाचा पदार्थ करतात. गव्हाच्या पिठात ऑक्टोपस या सागरी प्राण्याच्या मांसाचे तुकडे घालून हे गोळे भाजतात व गरम गरम खातात. सुखाचा प्रसंग असो की दुःखाचा, ओसाकाच्या माणसाचे पाऊल प्रथम दोतोनबोरीकडे वळते. आपल्या या गोष्टीतील सर्वांत आनंदाची व सर्वांत दुःखाची रात्र याच काठावर उगवली.

ओसाकाकरांचे दुसरे वेड म्हणजे बेसबॉल. होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने १८७२ च्या सुमारास तोक्यो येथील आपल्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकविला आणि पाहता पाहता तो साऱ्या जपानचा झाला. क्रिकेटप्रमाणे यातही एक जण चेंडू टाकतो व दुसरा तो बॅटने टोलवितो. परंतु बॅट गोल दांडक्यासारखी असते. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. चेंडू टोलविल्यावर फलंदाजाने ही ठाणी क्रमाने गाठून मूळ जागी परत यावयाचे, म्हणजे एक धाव होते. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर त्याला 'होमरन' म्हणतात. प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात आणि सामना नऊ डावांचा असतो.

जपानात व्यावसायिक बेसबॉलचे बारा संघ असून ते सहा-सहाच्या दोन गटांत खेळतात. त्यांपैकी मध्य गटातील एक संघ म्हणजे हान्शिन टायगर्स, अर्थात हान्शिनचे वाघ. ओसाका व कोबे या दोन शहरांच्या नावांतील एकेक चित्राक्षर घेऊन 'हान्शिन' हा शब्द बनला आहे. १९२४ मध्ये बांधलेले कोशिएन हे भव्य क्रीडांगण या वाघांचे घर होय. तोक्योचा जायंट्स हा संघ सर्वांत बलाढ्य व सर्वांत यशस्वी. त्याच्याशी वाघांचे जुने वैर. तोक्यो ही राजधानी, तेथे सत्ता आणि संपत्ती. आपले वाघ जायंट्सवर मात करतात तेव्हा राजधानीला नमविल्याचे समाधान ओसाकाकरांना मिळते. पण ते समाधान त्यांच्या वाट्याला क्वचितच येई. १९६४ नंतर वीस वर्षे वाघांना आपल्या गटातही पहिले येता आले नव्हते.

१९८५ साल मात्र निराळे उगवले. १७ एप्रिल रोजी कोशिएनवर जायंट्सविरुद्धच्या सामन्यात रँडी बास, काकेफू आणि ओकादा या तीन वाघांनी एकामागून एक असे तीन होमरन मारले. दाढीधारी बास हा अमेरिकेतून आलेला धिप्पाड खेळाडू. त्या एका हंगामात त्याने ५४ होमरन मारले. त्याच वर्षी १२ ऑगस्टला जपानात एक भीषण विमान अपघात झाला व त्यात संघाचे अध्यक्ष मृत्युमुखी पडले. दुःख गिळून खेळाडू खेळत राहिले आणि १६ ऑक्टोबर रोजी त्यांनी गटविजेतेपद पटकाविले.

त्या रात्री ओसाका शहर जागेच राहिले. दोतोनबोरीवरील एबिसू पुलावर चाहत्यांची तोबा गर्दी उसळली. कोणी एका खेळाडूचे नाव पुकारावे आणि गर्दीतील जो त्याच्यासारखा दिसेल त्याने पुलावरून कालव्यात उडी घ्यावी, असा खेळ सुरू झाला. एकेक नाव होता होता बासचे नाव आले. आता दाढीवाला अमेरिकन आणावा कोठून? तोच कोणाची तरी नजर जवळच्या एका उपाहारगृहाच्या दाराकडे गेली.

हे उपाहारगृह 'केंटकी फ्राइड चिकन' या अमेरिकन मंडळींचे होते. त्यांचे संस्थापक हार्लंड सँडर्स हे अमेरिकेतील केंटकी राज्यात रस्त्याकाठी प्रवाशांना जेवण देत असत. तेथील गव्हर्नरांनी त्यांना सन्मानार्थ 'कर्नल' ही पदवी दिली होती. १९७० मध्ये ही उपाहारगृहे जपानात आली, तेव्हा तळलेल्या कोंबडीचा हा परदेशी प्रकार लोकांना नवा होता. परंतु त्यांनी तो चाखून पाहिला आणि आपलासा केला. इतका की, नाताळात ही कोंबडी खाण्याची प्रथाच तेथे पडली. प्रत्येक दुकानाच्या दारात पांढरा पोशाख, चष्मा आणि पांढरी दाढी असलेला कर्नलसाहेबांचा पुरुषभर उंचीचा हसरा पुतळा उभा असे. दोन्ही हात पुढे करून तो जणू येणाऱ्याचे स्वागत करी.

गर्दीने हाच पुतळा उचलला, 'बास, बास' असा घोष करीत पुलावर नेला आणि कालव्यात भिरकावून दिला. ज्या माणसाने त्या शहराला एक नवी चव दिली होती, त्याची प्रतिमा गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. तो पुतळा कोणा दुसऱ्याच्या मालकीचा आहे, याचे भान त्या क्षणी कोणालाच राहिले नाही.

पुढील काही वर्षांत वाघांची पुरती दैना झाली. १९८७ पासून २००१ पर्यंतच्या पंधरा हंगामांत ते दहा वेळा गटात तळाला राहिले. तेव्हा लोक म्हणू लागले, "कर्नलसाहेबांचा शाप लागला! त्यांना पाण्याबाहेर काढीपर्यंत वाघांना यश नाही." पुतळा शोधण्याचे प्रयत्नही झाले; परंतु तो सापडला नाही.

मुलांनो, या शापाची थोडी परीक्षा करून पाहा. पुतळा पाण्यात पडला १६ ऑक्टोबर १९८५ रोजी. त्यानंतर दोन्ही गटांच्या विजेत्यांमध्ये जपानच्या अजिंक्यपदाची मालिका झाली. तीत वाघांनी सेइबू लायन्स संघाला चार विरुद्ध दोन सामन्यांनी हरवून २ नोव्हेंबर रोजी इतिहासातील आपले पहिले अजिंक्यपद मिळविले. म्हणजे पुतळा कालव्याच्या तळाशी असतानाच संघ देशात पहिला आला! मग शाप कोठे गेला होता? पुढील अपयशाची कारणे मैदानावरच होती. काकेफू १९८८ मध्ये निवृत्त झाला, बासही त्याच वर्षी संघ सोडून गेला आणि त्यांची जागा घेईल असे बळ लवकर उभे राहिले नाही. खरे कारण शोधण्यास कष्ट पडतात, शापाचे नाव घेण्यास पडत नाहीत. म्हणून लोकांना शाप अधिक आवडतो.

खरे संकट शापात नव्हते, बेभान आनंदात होते. १५ सप्टेंबर २००३ रोजी वाघांनी अठरा वर्षांनी पुन्हा गटविजेतेपद मिळविले. त्या रात्री पाच हजारांहून अधिक लोकांनी दोतोनबोरीत उड्या घेतल्या. काळोख, गढूळ पाणी आणि अंगावर कोसळणारी गर्दी! त्या गर्दीतील २४ वर्षांचा एक तरुण पुन्हा वर आला नाही. जो उत्सव करण्यासाठी घरून हसत निघाला होता, त्याच्या घरी पहाटे आक्रोश झाला. पुढे २००७ मध्ये एबिसू पूल नव्याने बांधला, तेव्हा त्यावरून सहजासहजी उडी घेता येऊ नये अशी त्याची रचना करण्यात आली.

मार्च २००९ मध्ये कालव्याकाठी पादचारी मार्ग बांधण्याचे काम चालू असता पाणबुड्यांच्या हाती एक जड वस्तू लागली. प्रथम त्यांना ते पिंप वाटले, मग प्रेताची शंका आली. वर काढून पाहतात तो कर्नलसाहेब! दुसऱ्या दिवशी पुतळ्याचा खालचा भाग व उजवा हातही मिळाला. चष्मा व डावा हात मात्र सापडले नाहीत. चोवीस वर्षे चिखलात राहूनही चेहऱ्यावरील हसू पुसले गेले नव्हते. आता शाप सुटला, असे लोकांना वाटले. परंतु २०१४ च्या अंतिम मालिकेत वाघ पुन्हा हरले.

अखेर २०२३ साल उजाडले. संघाचे मार्गदर्शक होते अकिनोबू ओकादा. १९८५ मध्ये सलग तीन होमरन मारणाऱ्या त्रयीतील तिसरे ते हेच. आता त्यांचे वय ६५ वर्षांचे होते. 'विजेतेपद' हा शब्द उच्चारला की तरुण खेळाडूंच्या मनावर दडपण येते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून ते त्याला नुसते 'ते' म्हणत. "आपल्याला 'ते' मिळवावयाचे आहे," एवढेच बोलत आणि रोजच्या सरावाकडे लक्ष देत.

या संघात पूर्वी शिंतारो योकोता नावाचा एक तरुण खेळत असे. मेंदूतील गाठीमुळे त्याची दृष्टी अधू झाली व २०१९ मध्ये त्याला खेळ सोडावा लागला. निरोपाच्या सामन्यात चेंडू नीट दिसत नसतानाही त्याने दूरच्या क्षेत्रातून अचूक फेक करून धावणाऱ्या गड्याला बाद केले. जुलै २०२३ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी तो निधन पावला. दोनच महिन्यांनी, १४ सप्टेंबर रोजी वाघांनी गट जिंकला. जपानात विजयानंतर खेळाडूंना हातांवर झेलून उंच उडविण्याची रीत आहे. त्या वेळी सोबत्यांनी योकोताचा २४ क्रमांकाचा सदराही आपल्याबरोबर उंच नेला. ५ नोव्हेंबरला, अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात वाघांनी ओसाकाच्याच ओरिक्स बफेलोज संघाला ७ विरुद्ध १ असे हरविले आणि ३८ वर्षांनी जपानचे अजिंक्यपद मिळविले. त्याही वेळी तो सदरा त्यांच्याजवळ होता. विजयाच्या क्षणी, जो तेथे नव्हता त्याची त्यांनी आठवण ठेवली.

या खेपेस दोतोनबोरीवर सुमारे १,३०० पोलिसांचा पहारा होता. थोड्या उपद्व्यापी लोकांनी उड्या घेतल्याच, परंतु २००३ ची पुनरावृत्ती टळली. २३ नोव्हेंबर रोजी निघालेल्या मिरवणुकीत आणखी एक शोभादायक गोष्ट घडली. ओरिक्स संघही आपल्या गटाचा विजेता होता. म्हणून जेता व पराभूत अशा दोन्ही संघांच्या मिरवणुका एकाच दिवशी निघाल्या. सकाळी वाघ कोबेमध्ये व बफेलोज ओसाकामध्ये होते. दुपारी त्यांनी शहरांची अदलाबदल केली. लाखो लोकांनी रस्त्यांच्या कडेला उभे राहून दोघांचेही कौतुक केले.

आणि त्या पुतळ्याचे काय झाले? काळाच्या ओघात तो फारच जीर्ण झाला होता. तेव्हा मालकांनी मार्च २०२४ मध्ये जपानी रीतीप्रमाणे तांदळाचे मद्य अर्पण करून, प्रार्थना करून त्याला आदराने निरोप दिला. ज्याला एका रात्री बेभान गर्दीने पाण्यात फेकले होते, त्याला शेवटी शांतपणे नमस्कार मिळाला.

आपल्या संघाच्या विजयाने आनंदित होणे हे निरोगी मनाचे लक्षण आहे. आनंद वाटावयाचा असतो. चार मित्रांबरोबर मिठाई खाऊन, नवा पदार्थ चाखून, गाणी गाऊन तो दुप्पट करता येतो. मात्र ज्या आनंदाने दुसऱ्याची वस्तू नासते किंवा कोणाचा जीव धोक्यात येतो, त्याला उत्सव हे नाव शोभत नाही. संघ पुढील वर्षी पुन्हा जिंकू शकेल. कालव्यात हरपलेला तो तरुण मात्र परत येणार नाही.

स्वाध्याय

१. ओसाकाला 'देशाचे स्वयंपाकघर' असे का म्हणत?
२. चाहत्यांनी कर्नलसाहेबांचाच पुतळा का निवडला?
३. 'शाप' ही समजूत चुकीची होती, हे पाठातील तारखांच्या आधारे सिद्ध करा.
४. १९८५ व २०२३ या वर्षांतील विजयोत्सवांची तुलना करा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : तडीस नेणे, दैना होणे, भान न राहणे, मात करणे.
६. तुमच्या शाळेच्या संघाने सामना जिंकला, तर तो आनंद तुम्ही कसा साजरा कराल? दहा ओळी लिहा.