नैनीतालच्या पायवाटा

प्रस्तावना

डोंगरातील एखादे नगर वाहनातून पाहिले तर त्याचे सौंदर्य दिसते. तेच नगर पायी फिरून पाहिले तर ते कशाच्या आधारावर उभे आहे, हेही कळू लागते. प्रस्तुत पाठात उत्तराखंड राज्यातील कुमाऊँ प्रदेशात वसलेल्या नैनीतालच्या काही पायवाटांची ओळख करून दिली आहे. या वाटा रमणीय आहेतच. परंतु तळे, डोंगर आणि माणूस यांचे नातेही त्या उलगडून दाखवतात.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• नैनीतालची भौगोलिक रचना सांगता येईल;
• तेथील प्रमुख पायवाटांचे वर्णन करता येईल;
• डोंगरउतार आणि तळे यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.

१. तळे आणि नगर

नैनीताल समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० मीटर उंचीवर आहे. ‘ताल’ या शब्दाचा मराठीतील परिचित अर्थ संगीतातील ठेका असा असला, तरी येथे त्याचा अर्थ ‘तळे’ असा आहे. सतीचा डोळा येथे पडला, अशी आख्यायिका असून तळ्याच्या उत्तर काठावर नैनादेवीचे मंदिर आहे. तळ्याच्या वरच्या टोकाकडील वस्तीला मल्लीताल आणि खालच्या टोकाकडील वस्तीला तल्लीताल म्हणतात. ‘मल्ला’ म्हणजे वरचा आणि ‘तल्ला’ म्हणजे खालचा. तल्लीतालच्या बाजूने तळ्याचे जादा पाणी बलिया नाल्यात उतरते आणि पुढे गौला नदीला मिळते.

हे तळे केवळ शोभेचे नाही. नगराला पिण्याचे पाणी मुख्यतः त्याच्याच आधाराने मिळते. त्यामुळे तळ्याचे आरोग्य हा येथील रहिवाशांच्या रोजच्या जीवनाचा प्रश्न आहे.

२. काठाची वाट

तळ्याभोवतीची प्रदक्षिणा साधारण साडेतीन किलोमीटरची आहे. सावकाश चालणारा मनुष्यही ती दीड तासात पूर्ण करू शकतो. एका काठावर दुकाने आणि उपाहारगृहे यांनी गजबजलेला मॉल रोड आहे. समोरच्या काठावर मात्र ‘ठंडी सडक’ नावाची शांत वाट आहे. अयारपाटा डोंगराची आणि दाट झाडांची सावली तिच्यावर पडते, म्हणून तिला हे नाव मिळाले. येथे वाहनांची वर्दळ नाही. वाटेत पाषाणदेवीचे मंदिर लागते आणि पाण्यापलीकडे डोंगरउतारावर चढत गेलेली घरे दिसतात.

घरांची ती दाटी पाहताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये खालच्या मॉल रोडचा काही भाग खचून तळ्यात गेला. काठ स्थिर दिसत असला, तरी त्याखालची जमीन तितकीच भक्कम असते असे नाही.

३. शेर का डांडा

मल्लीतालहून शेर का डांडा या डोंगरावर चढणारी वाट ‘स्नो व्ह्यू’ या ठिकाणी पोहोचते. त्याची उंची सुमारे २,२७० मीटर आहे. रज्जुमार्गाने तेथे काही मिनिटांत जाता येते. पायी जाणाऱ्याला सुमारे दोन किलोमीटरची दमवणारी चढण चढावी लागते. आकाश निरभ्र असेल, तर वर पोहोचल्यावर हिमालयाची शुभ्र रांग समोर उभी राहते.

या चढणीवर ठिकठिकाणी दगडांनी बांधलेले नाले आडवे येतात. त्यांच्यामागे एक दुःखद इतिहास आहे. १८ सप्टेंबर १८८० रोजी, मुसळधार पावसानंतर, या डोंगराचा मोठा कडा कोसळला. त्यात १५१ माणसे मृत्युमुखी पडली. नैनादेवीचे जुने मंदिरही गाडले गेले. खाली आलेल्या दगडमातीने तळ्याचा उत्तरेकडील काही भाग भरून निघाला व तेथील सपाट मैदान वाढले. आज त्या मैदानावर मुले क्रिकेट खेळतात.

डोंगराचा खडक ठिसूळ असेल आणि पावसाचे पाणी त्यात मुरत राहिले, तर माती जड होते, तिची पकड सुटते आणि उतार घसरतो. म्हणून या दुर्घटनेनंतर डोंगरउतारांवर नाल्यांचे जाळे विणण्यात आले. पाणी जमिनीत धोकादायक रीतीने न मुरता वेगळ्या वाटेने तळ्यात उतरावे, हा त्यामागील हेतू होता. यावरून असे दिसते की, नाल्यात टाकलेला कचरा केवळ अस्वच्छता करीत नाही. तो उताराची सुरक्षितताही कमी करतो आणि अखेर तळ्यात जाऊन पडतो.

४. टिफिन टॉप

समोरच्या अयारपाटा डोंगरावरील वाट बारापत्थरवरून टिफिन टॉपकडे जाते. नगरापासून हे अंतर सुमारे चार किलोमीटर आहे. वाटेत बांज, देवदार आणि बुरांश या वृक्षांची सोबत असते. वसंतात बुरांशाची लाल फुले रानात उठून दिसतात. बांजाची मुळे माती धरून ठेवतात आणि त्याच्या पाचोळ्याचा थर पावसाचे पाणी हळूहळू जिरवतो. त्यामुळे कुमाऊँमधील झऱ्यांसाठी बांजाचे रान मोलाचे मानले जाते.

या माथ्यावर डोरोथी नावाच्या इंग्रज स्त्रीच्या स्मरणार्थ बांधलेले दगडी आसन होते. कित्येक पिढ्यांनी तेथे बसून तळ्याचे दर्शन घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये कडा ढासळला आणि ते आसन नष्ट झाले. अशा ठिकाणी जाण्यापूर्वी वाट खुली आहे की नाही, याची स्थानिकांकडे चौकशी करणे आवश्यक ठरते.

५. सूखाताल आणि नैना शिखर

मल्लीतालच्या वरच्या अंगाला सूखाताल हा खोलगट भाग आहे. पावसाळ्यात तो भरतो आणि उन्हाळ्यात कोरडा पडतो. कोरडा असताना ती एक रिकामी जागा वाटते. पण तेथे जिरणारे पाणी जमिनीखालून नैनीतालच्या तळ्याला पोहोचते. अशा जागेवर भराव घालणे किंवा बांधकाम करणे म्हणजे तळ्याचा एक स्रोत बंद करणे होय.

येथून पुढे किलबरीच्या दिशेने नैना शिखराची वाट धरता येते. सुमारे २,६१० मीटर उंचीचे हे शिखर नगराभोवतीच्या डोंगरांत सर्वांत उंच आहे. पहाटे निघून दुपारपूर्वी परतणे श्रेयस्कर. स्वच्छ हवेत येथून ७,८१६ मीटर उंच नंदादेवी आणि तिच्याजवळचे त्रिशूळ ही शिखरे दिसतात. खाली पाहिले, तर सर्व बाजूंनी डोंगरांनी वेढलेले तळे तळहाताएवढे भासते. या सर्व उतारांवरील पाणी, माती आणि सांडपाणी त्याच खोलगट जागेकडे धावते, हे तेव्हा ध्यानात येते. सांडपाण्यामुळे तळ्याच्या खोल थरातील प्राणवायू कमी झाला होता. म्हणून २००७ पासून यंत्रांच्या साहाय्याने तळाशी हवा सोडण्यात येऊ लागली. परंतु यंत्र तळ्याला श्वास देऊ शकते, उतार सांभाळू शकत नाही. त्यासाठी रान, मोकळे नाले आणि मर्यादित बांधकाम हीच साधने आहेत.

शब्दार्थ

आख्यायिका – परंपरेने चालत आलेली कथा
रज्जुमार्ग – दोरावरून चालणाऱ्या पाळण्यांचा मार्ग
ठिसूळ – सहज फुटणारा
श्रेयस्कर – हितकारक, अधिक चांगले

पाठान्त प्रश्न

१. ‘मल्लीताल’ आणि ‘तल्लीताल’ या नावांचा अर्थ सांगा.
२. १८८० नंतर डोंगरउतारांवर नाले का बांधण्यात आले?
३. ‘सूखाताल ही रिकामी जागा नाही.’ हे विधान स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील पावसाचे पाणी कोणत्या वाटेने आणि कोठे जाते, हे पायी फिरून पाहा व दहा ओळींत लिहा.